बांना काय हवं होतं

हे मनन सावकाश वाचायचं आहे. एका बैठकीत संपलं नाही तरी चालेल. जमिनीवर बसता येत असेल तर जमिनीवर बसा, गुडघे कुरकुरत असतील तर खुर्ची घ्या. पाठ टेकायला भिंत मिळाली तर उत्तम. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

सुरुवात करण्यापूर्वी एक माणूस मनात आणा. ज्याच्या हातांवर तुम्ही मोठे झालात किंवा ज्याच्या हातांनी तुम्हाला आजारातून उठवलं, आणि जो आता या जगात नाही, असा माणूस. आजी असेल, आई असेल, आत्या, मोठी बहीण, सासू. काही घरांत ते वडील असतात, काका असतात. मी पुढे ‘ती’ म्हणेन, कारण आपल्याकडे बहुतेक वेळा ती ‘ती’च असते. चेहरा लगेच समोर आला नाही तर ओढून आणू नका. घरात तिला ज्या नावानं हाक मारत ते नाव मनातल्या मनात एकदा घ्या. तिला शेजारी बसू द्या.

आता आपण दोघांनी मिळून सेवाग्रामला, गांधीजींच्या आश्रमात, जायचं आहे. वर्ध्यापासून आठेक किलोमीटर. आश्रमाच्या आवारात शिरलं की आधी झाडं भेटतात. 1936 साली बापूंनी लावलेला पिंपळ आहे, आणि कस्तुरबांनी, आपल्या बांनी, लावलेली बकुळ आहे. बकुळीची फुलं सुकली तरी वास सोडत नाहीत, हे मराठी घरात कोणाला समजावून सांगायला नको. अनेकींच्या पातळांच्या घडीत ती वर्षानुवर्षं पडून असतात. झाडांच्या आसपास मातीच्या भिंतींच्या, कवेलूंच्या छपराच्या ठेंगण्या कुट्या आहेत. आदि निवास, बापू कुटी, आखरी निवास. आणि आदि निवासाच्या जवळच एक लहानशी कुटी, बांची.

बहुतेक पाहुणे बापू कुटीपाशी रेंगाळतात. आपण बा कुटीपाशी बसू.

श्वास आत येतो आहे, बाहेर जातो आहे, एवढंच थोडा वेळ पाहा. मोजू नका. वैदर्भी दुपार असेल तर वारा गरम असेल, हिवाळ्याची पहाट असेल तर मातीची जमीन तळपायांना गार लागेल. जी असेल ती वेळ असू द्या.

कस्तुरबांचा जन्म 11 एप्रिल 1869चा, पोरबंदरचा. बापू त्याच वर्षी ऑक्टोबरात जन्मले. म्हणजे बा त्यांच्याहून काही महिन्यांनी मोठ्या. तेराव्या-चौदाव्या वर्षी दोघांचं लग्न झालं. 30 एप्रिल 1936 रोजी बापू वर्ध्याहून शेगावला राहायला आले तेव्हा बांची सदुसष्टी उलटली होती. हे गाव तेव्हा शेगावच होतं. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोळ होऊ लागला म्हणून 1940 साली त्याचं सेवाग्राम झालं. रस्ता धड नव्हता, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, साप-विंचू घरात, आणि हिवताप तर पाचवीला पुजलेला. बापूंनाही त्याच वर्षी हिवतापानं गाठलं आणि वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं.

सदुसष्टाव्या वर्षी नवं घर मांडायचं, तेही अशा ठिकाणी. आपल्याकडच्या बाया या वयात म्हणतात, आता काशीला न्या नाहीतर देवघरात बसू द्या. बांनी पदर खोचला. स्वयंपाकघरावर देखरेख, बापूंचं ताट, आश्रमात कोणी अंथरुणाला खिळलं तर त्याची विचारपूस, रात्री बापूंच्या तळपायांना तेल, आणि दिवसभरात केव्हातरी स्वतःचं सूत. मुलगा रामदास यांचा छोटा कनू काही काळ त्यांच्यापाशी होता. आजीपाशी वाढणाऱ्या नातवाचं सगळं जे असतं ते त्यातच आलं.

इथे थांबा. बांचे हात पाहा. छायाचित्रांत दिसतात ते, हडकुळे, शिरा वर आलेले, मनगटात काचेच्या बांगड्या. ते हात तेलाची वाटी उचलताहेत, दोन बोटं बुडवताहेत, समोरच्याच्या तळपायावर अंगठा टेकवून टाचेकडून बोटांकडे सरकवताहेत. घाई नाही. हे काम घाईनं करता येत नाही.

आता शेजारी बसलेल्या तुमच्या माणसाचे हात आठवा. तिच्या नखांची ठेवण. अंगठी कोणत्या बोटात होती. पोळी उलटताना भाजल्याचा डाग होता का, विळीनं चिरल्याची खूण होती का? ताप पाहताना ती तळवा कपाळावर ठेवायची की हाताची उलटी बाजू मानेला लावायची? आठवणीत चेहरा पुसट होत जातो. हात बराच काळ टिकतात, असा माझा समज आहे. थोडा वेळ त्या हातांजवळच राहा.

पुढे जाऊ.

शेगावात आधी एकच घर उभं राहिलं, आदि निवास. आजही ते पाहता येतं. एक मोठीशी खोली, त्यात बापू, बा, सोबतचे कार्यकर्ते, येणारे-जाणारे, खान अब्दुल गफारखानांसारखे पाहुणे. कोपरा हेच प्रत्येकाचं घर. बापूंना अशा राहण्यात आनंद वाटे. कमीत कमी जागेत, कमीत कमी वस्तूंत राहायचं हा त्यांचा ध्यास होता. पण सत्तरीकडे झुकलेल्या बाईनं, पुरुषांचा राबता असलेल्या त्या खोलीत, कपडे कुठे बदलायचे? दुपारी पाठ कुठे टेकायची? बांना अडचण होत होती. ती बापूंचे स्नेही जमनालाल बजाज यांच्या ध्यानात आली आणि त्यांनी बांसाठी वेगळी लहान कुटी बांधून दिली. आपण बसलो आहोत ती हीच.

मला या कुटीबद्दल बापू कुटीइतकाच आदर वाटतो, आणि त्याचं कारण तिचा साधेपणा एवढंच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना जागा करून देणाऱ्या एका बाईलाही दार लोटून बसता यावं, एवढी गोष्ट या भिंतींनी मान्य केली. जन्मभर सेवा करणाऱ्या माणसालाही खोली लागते. दार लागतं. कधी कधी कोणीही हाक न मारणारा एक तास लागतो.

तुमच्या माणसाला स्वतःची जागा होती का? तिची पेटी कुठे असायची? ती झोपायची कुठे, आणि घरात पाहुणे आले की कुठे? पुष्कळ घरांत ही माणसं स्वयंपाकघरात, मधल्या सोप्यात, आजाऱ्याच्या पलंगाखाली चटईवर झोपत आलेली आहेत. तिचं म्हणता येईल असं घरात नेमकं काय होतं, हे आठवून पाहा. एखादी डबी असेल. देव्हाऱ्यातला एक बाळकृष्ण. खिडकीजवळचा पाट. ती वस्तू सापडली तर मनातच तिच्यावरून हात फिरवा.

जी माणसं आपल्यासाठी खपली त्यांची आठवण काढताना आपण त्यांना फार मऊ करून टाकतो. ‘कधी उलट बोलली नाही’, ‘कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही’ असं श्रद्धांजलीत म्हणतो. मला ही वाक्यं खुपतात. उलट बोलली नाही की आपण ऐकलं नाही? मागितलं नाही की मागितल्याचं आपल्या कानावर आलं नाही?

बा उलट बोलत. 1898च्या सुमाराला दक्षिण आफ्रिकेत, डर्बनच्या घरी बापूंचे कारकून राहायचे. त्यांच्यातल्या, पंचम म्हणजे अस्पृश्य मानलेल्या कुळातून आलेल्या एकाच्या खोलीतलं रात्रीचं भांडं साफ करायची वेळ आली. बांना ते पटलं नाही. त्यांच्या मनातला जातीचा विटाळ त्यात होता, हे खरं. तो पुढे त्यांनी कष्टानं सोडला, सेवाग्रामात हरिजन मुलांच्या हातचं जेवल्या. पण त्या दिवशी बापूंनी त्यांना हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेलं, हेही खरं. बापूंनी स्वतःच हे सगळं ‘सत्याचे प्रयोग’मध्ये लिहून ठेवलं आहे, स्वतःला न वाचवता. परक्या देशात, माहेरचं कोणी जवळ नसताना, डोळ्यांतून धारा लागलेल्या बांनी तिथेच त्यांना लाज आणून दिली. ते फाटक बंद झालं आणि संसार पुढे चालू राहिला.

आणि बांनी नाही म्हणण्याची शक्ती मोठ्या कामालाही लावली. 1913 साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका निकालानं ख्रिस्ती रीतीनं न लागलेले विवाह बेकायदा ठरले. बा सत्याग्रहात उतरल्या, तीन महिने सक्तमजुरी भोगून आल्या आणि बाहेर आल्या तेव्हा हाडांचा सापळा झाल्या होत्या. 1939 साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, राजकोटात त्यांनी पुन्हा अटक करवून घेतली. ऊठबस करून घराचं करणारी बाई आणि सरकारसमोर उभी राहणारी बाई एकच होती.

तुमच्या माणसाचं एक ‘नाही’ आठवा. छोटं असेल. एखाद्या लग्नाला न जाणं. कोणाला तरी उंबऱ्याबाहेर उभं करणं. ताट बाजूला सारून न जेवता झोपणं. तेव्हा तुम्हाला ते हट्टाचं वाटलं असेल. आज त्याच्याकडे पाहा, आणि ते तसंच राहू द्या. तिच्या वतीनं माफी मागू नका, समर्थनही करू नका. ती तेव्हा रागावलेली होती. रागही तिचाच होता.

श्वास मोकळा सोडा.

बांच्या आयुष्यातला एक प्रसंग कटनी स्टेशनवरचा आहे. थोरला मुलगा हरिलाल वडिलांपासून फार दूर गेला होता. दारू, कर्ज, वणवण. बा-बापू गाडीनं चालले होते. कटनीला गाडी थांबली तेव्हा फलाटावर सगळीकडे बापूंच्या नावाचा जयजयकार, आणि त्यात एकच आवाज वेगळा: माता कस्तुरबांचा जयजयकार करणारा. हरिलाल होता. कपडे फाटलेले, दात पडलेले. त्यानं खिशातून एक संत्रं काढून बांच्या हातात दिलं आणि बजावलं की हे बांसाठीच आहे, बापूंसाठी नाही. बांनी ते खावं असा आग्रह धरला. गाडी सुटली. मुलाला काही खायला द्यावं हे बांच्या ध्यानात येईतो डबा पुढे सरकला होता.

आमच्याकडे संत्र्याचं अप्रूप नाही. हंगामात नागपूर-वर्ध्याच्या रस्त्यांवर ढीग लागलेले असतात. तरी हा प्रसंग आठवला की हातातलं संत्रं मला लगेच सोलवत नाही. ज्या बाईनं देशभरच्या माणसांची आई व्हायचं पत्करलं तिला पोटच्या एका मुलासाठी काही करता आलं नाही. सेवा करणाऱ्या प्रत्येक माणसाच्या आयुष्यात असं एक कोणीतरी असतं, जे तिच्या हातून निसटलेलं असतं. तुमच्या माणसाच्या मनात ते कोण होतं? ती कोणाचं नाव निघालं की गप्प व्हायची? ते नाव माहीत असेल तर आता मनात घ्या. नसेल माहीत, तर ती गप्प बसलेली आठवा, तेवढं पुरे.

थोडं पाणी प्यायचं असेल तर प्या. पुढचा भाग पुण्यातला आहे.

9 ऑगस्ट 1942च्या पहाटे मुंबईत बापूंना अटक झाली. संध्याकाळी शिवाजी पार्कवर त्यांचं भाषण व्हायचं होतं. बा म्हणाल्या, मी जाईन. निघतानाच त्यांनाही पकडलं. डॉ. सुशीला नय्यर सोबत होत्या. दोघींना आधी आर्थर रोड तुरुंगात आणि मग पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये नेलं. बा सेवाग्रामला परत आल्या नाहीत.

आगाखान पॅलेसमध्ये पहिल्याच आठवड्यात, 15 ऑगस्टला, महादेवभाई देसाई गेले. पंचवीस वर्षं बापूंची सावली झालेला माणूस, बांना मुलासारखा. आवारातच त्यांना अग्नी दिला. बा त्या जागेला देऊळ मानून नमस्काराला जात. तुळशीची पूजा करत. 1943च्या फेब्रुवारीत बापूंनी 21 दिवसांचा उपास मांडला तेव्हा त्यांच्या उशाशी बा, तुळशीपाशी बा.

आता एक गोष्ट जवळून पाहू. सुशीलाबहेनांनी ती लिहून ठेवली आहे. तुरुंगात वेळ जावा म्हणून बापू बांना शिकवायला बसत. गुजराती वाचन, थोडा भूगोल. पृथ्वी कशी आहे ते संत्रं हातात धरून सांगत. बांचं शिक्षण लहानपणी झालं नव्हतं, अक्षर वळणदार नव्हतं, तरी चौऱ्याहत्तरीला टेकलेली ती बाई रोज गिरवत बसे. एक दिवस बांनी वही मागितली. बाकीच्यांकडे वह्या होत्या, आपल्यालाही असावी. बापू म्हणाले, आधी सुट्या कागदांवर लिही, अक्षर सुधारलं की वही. कागद वाया जाऊ नये ही त्यांची जन्माची शिस्त. त्यांनी ते सहज, हसत म्हटलं असेल. बांना ते लागलं. पुढे वही आणून दिली तर त्यांनी ती बाजूला ठेवली. सुट्या कागदांवरच लिहीत राहिल्या.

ही वही डोळ्यांसमोर आणा. नवी, कोरी, पानांना वास असलेली. वरच्या पुठ्ठ्यावर नाव घालायची रेघ. ती टेबलाच्या कडेला पडून आहे आणि शेजारी एक म्हातारी बाई सुट्या कागदावर, मान वाकवून, क गिरवते आहे.

बापूंना दोष द्यायला मी हे सांगत नाही. बांचा मृत्यू त्यांनी कसा सोसला ते पुढे येतंच आहे. मला दिसते ती फक्त मागणी. साठ वर्षांच्या संसारात बांनी दागिने सोडले, घरं सोडली, मीठ-डाळसुद्धा सोडली. त्यांना वही हवी होती. आणि वहीइतकंच त्यांना कॅरम खेळायला आवडायचं, त्या वयात, तुरुंगात, छातीचं दुखणं सांभाळत. कॅरम खेळणाऱ्या बा आपल्या कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाहीत. पाठ्यपुस्तकात त्या बापूंच्या मागे दोन पावलं उभ्या असतात.

आता शेजारी वळा. तुमच्या माणसाला काय हवं होतं?

हा प्रश्न घाईनं सोडवू नका. तिनं कशाचा त्याग केला ते आपल्याला तोंडपाठ असतं. काय मागितलं ते आठवायला वेळ लागतो. कदाचित तिला पंढरीला जायचं होतं आणि दर आषाढीला घरात कोणीतरी आजारी पडत गेलं. सायकल शिकायची होती. सिनेमा पाहायचा होता, एकटीनं. चहात साखर जास्त हवी असायची आणि सगळे आधी साखरेचा भाव आणि मग तिचा मधुमेह काढायचे. एखादं पातळ. भावाकडे चार दिवस. मागणी लहान असेल तितकी नीट आठवा. तिचे शब्द आठवले तर तेच शब्द. ती ते कोणाला म्हणाली होती, आणि ऐकणाऱ्यानं काय केलं? ऐकणारे तुम्ही असाल तरी उठून जाऊ नका. बसा.

आणि आता याची दुसरी बाजू. तिची सेवा कोणी केली?

बांची सेवा झाली. आफ्रिकेत एका शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी गोमांसाचा रस्सा द्यायचा आग्रह धरला तेव्हा बांनी, मरण आलं तरी चालेल पण ते नको, असं ठामपणे सांगितलं. आणि बापूंनी त्या अशक्त अवस्थेत त्यांना डर्बनहून रिक्षानं, मग आगगाडीनं, आणि स्टेशनापासून झोळीत घालून फिनिक्सच्या आश्रमात नेलं. पुढे दुखणं हटेना तेव्हा मीठ आणि डाळ सोड असं बापूंनी सांगितलं. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही तरी सोडाल का, असं बा म्हणाल्या, आणि बापूंनी त्याच क्षणी वर्षभरासाठी दोन्ही सोडलं. उलट 1919 साली बापू मरणाच्या दारात होते, दूध न घेण्याचं व्रत आड येत होतं, तेव्हा वाट बांनी काढली: व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं आहे, शेळीचं घ्या. बापूंची ती प्रसिद्ध शेळी बांच्या त्या एका वाक्यातून आली. सेवा करणाऱ्या माणसाला नियमांतली फट बरोबर दिसते, कारण त्याचं लक्ष नियमाकडे नसतं, समोरच्याच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे असतं.

आगाखान पॅलेसमध्ये बांना हृदयविकाराचे झटके येऊ लागले. त्यांच्या शुश्रूषेसाठी मनूला आणलं गेलं. मनू गांधी, पुतण्याची मुलगी. आई लवकर गेलेली, बांनी तिला लेकीसारखं सेवाग्रामला जवळ घेतलं होतं. पंधरा-सोळा वर्षांची ही पोर बेचाळीसच्या धरपकडीत नागपूरच्या तुरुंगात होती. तिथून तिला पुण्याला आणलं. पुढे बांना लेकीसारख्याच असलेल्या प्रभावती आल्या. सुशीलाबहेन तर डॉक्टर म्हणून होत्याच. ज्यांचे केस बांनी विंचरले होते त्यांनी आता बांना उठवून बसवलं, पाठीला तक्के लावले, श्वास लागला की रात्र-रात्र जागून काढली.

जन्मभर दुसऱ्याचं करणाऱ्याला स्वतःचं करून घेणं फार जड जातं. तुम्ही हे पाहिलं असेल. पाणी मागायचं नाही, हाक मारायची नाही, ‘तू झोप गं, मला काही नको’ म्हणायचं. तुमच्या माणसाचे शेवटचे दिवस आठवण्याची तयारी असेल तर आठवा. नसेल तर ही ओळ ओलांडून पुढे या, काही बिघडत नाही. तेव्हा कोणाचे हात तिला लागले? कोणी तिला अंघोळ घातली, कोणी नखं कापली? कदाचित तुम्हीच. कदाचित तुम्ही दूर होता आणि ते पगारी बाईनं केलं, जिचं नाव आज आठवत नाही. आठवून पाहा. ती बाईही या मननात येऊन बसू दे, तिच्यासाठी जागा करा.

शेवटच्या दिवसांत मुलगा देवदास यांनी कलकत्त्याहून विमानानं पेनिसिलीन मागवलं. ते तेव्हा नवं औषध होतं. दर काही तासांनी सुई टोचावी लागेल हे कळल्यावर बापूंनी नको म्हटलं. देह थकला आहे, तिला शांत जाऊ द्या. आजही रुग्णालयांच्या जिन्यांवर भावंडं याच प्रश्नापाशी येऊन थांबतात: अजून एक उपाय, की आता पुरे? कोण बरोबर होतं ते मी सांगणार नाही. मुलगाही प्रेमानं बोलत होता आणि नवराही.

22 फेब्रुवारी 1944, महाशिवरात्र. संध्याकाळी बापूंच्या मांडीवर डोकं ठेवून बा गेल्या. बापूंनी कातलेल्या सुताचं, लाल काठाचं पांढरं लुगडं त्यांना नेसवलं. दुसऱ्या दिवशी महादेवभाईंच्या समाधीशेजारी चिता रचली. बापूंना सगळे म्हणत होते, आत जाऊन पडा. ते हलले नाहीत. चितेत बांच्या काचेच्या बांगड्या शाबूत सापडल्याचं सांगतात.

इथे काही करायचं नाही. डोळे मिटून बसा. रडू आलं तर येऊ द्या.

उजेडात परत येऊ. त्याच वर्षी देशानं बांच्या नावानं निधी उभा केला. बापूंच्या पंचाहत्तरीला 75 लाख रुपये, असं उद्दिष्ट होतं. जमले एक कोटीच्या वर. खेड्यातल्या बायका आणि मुलं यांच्याखेरीज हा पैसा कशावरही खर्च व्हायचा नाही असं ठरलं. आणि सेवाग्रामात सुशीलाबहेनांनी पंधरा खाटांचा स्त्रिया-मुलांचा दवाखाना उभा केला, कस्तुरबांच्या नावाचा. 1969 साली, दोघांच्याही जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. सुशीलाबहेन केंद्रात आरोग्यमंत्री होऊन आल्या होत्या, तरी 3 जानेवारी 2001 रोजी शेवटचा श्वास त्यांनी सेवाग्रामलाच घेतला. डॉक्टर व्हायला आलेली मुलं-मुली आजही सुरुवातीचे दिवस आश्रमात काढतात. झाडलोट करतात, सूत कातायला शिकतात, प्रार्थनेला बसतात. इथे डॉ. उल्हास जाजूंनी खेड्यांसाठी आरोग्यविम्याची एक योजना चालवली, तिचा हप्ता लोक सुगीनंतर ज्वारीत भरत, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे.

बा कुटीपासून उठून आता या दवाखान्याकडे चाला. मनातल्या मनात चाला, तुमचं माणूस बरोबर घेऊन. कोणत्याही वॉर्डात शिरा. खाटेवर रोगी आहे, त्याच्या नावाचा केसपेपर आहे. खाटेखाली एक पिशवी, एक डबा, गुंडाळलेली सतरंजी. आणि खाटेजवळ एक बाई. सासूला घेऊन आलेली सून, नवऱ्याला घेऊन आलेली बायको, भावाला घेऊन आलेली बहीण. आर्वीकडची, हिंगणघाटची, यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या गावातून दोन बस बदलून आलेली. कोणती गोळी केव्हा द्यायची हे तिला पाठ आहे. रक्त कुठे तपासायचं, जेवण कुठे स्वस्त मिळतं हे तिला चार दिवसांत कळलं आहे. केसपेपरवर तिचं नाव कुठेच नाही.

तुमच्या आजारात तुमचं माणूस असंच बसलेलं होतं. त्या दिवसांत ती काय जेवली होती, आठवतं का?

असं कोणीतरी आज तुमच्या ओळखीत आहे. वहिनी असेल, शेजारच्या काकू, धाकटा भाऊ, तुमच्या आईचं करणारी बाई. ज्याचं दुखणं आहे त्याची चौकशी तुम्ही फोनवर करताच. आज डबा घेऊन समक्ष जा, रोग्यापाशी थोडा वेळ तुम्ही बसा, आणि तिला बाहेर पाठवण्याआधी विचारा, तुला काय हवंय. ती ‘काही नको’ म्हणेल. पुन्हा विचारा. मग ती जे सांगेल ते आणून द्या. वही म्हणाली तर वही द्या, आणि अक्षराबद्दल काही बोलू नका.